बंदरावरची भेट नामंजूर

८ फेब्रुवारी

भोवऱ्या,

आशीर्वाद आहेतच. ते शेवटी घे. आधी हे तिकीट परत घे.

तुझे जाड पाकीट परवा आले. इतक्या वर्षांनी तुझ्या अक्षरात माझा पत्ता पाहिला, म्हणून फोडण्यापूर्वी ते देवासमोर ठेवले. आत निघाले ते क्रूझचे आरक्षण, एक रंगीत माहितीपत्रक आणि तुझ्या पाच ओळी. "अक्का, तुला हा देश बघायचा होता ना? इथे सगळं महाग. हॉटेलात एक रात्र म्हणजे खिशाला भोक. जहाजावर राहणं, जेवण, डॉक्टर सगळं आलं. माझ्या गावाला जहाज सकाळी लागतं, दुपारी सुटतं. मी धक्क्यावर येईन."

मला तो देश बघायचा आहे असे मी कोणाजवळ बोलले, ते आठवत नाही. माझा भाऊ त्या देशात राहतो, असे मात्र अनेकदा बोलले असेन.

आयुष्यभर शास्त्र शिकवले, त्यामुळे कोणताही पक्ष खोडण्यापूर्वी तो नीट मांडावा, ही सवय हाडात मुरली आहे. तेव्हा तुझा पूर्वपक्ष मीच मांडते. देश महाग आहे, मान्य. माझे गुडघे कुरकुरतात, मान्य. जहाजावर सामान एकदाच उघडावे लागते, खोलीला सज्जा असतो, आणि डोंगरदऱ्या आपण होऊन खिडकीशी येतात, हेही मान्य. आता उत्तरपक्ष ऐक. तुझ्या बंदरात ते जहाज सहा तास थांबते. सहा तासांत माणसे धक्का पाहतात, चहा पितात, छायाचित्र काढतात आणि भोंगा वाजला की शिडी चढतात. एवढ्यात धड भांडणसुद्धा सुरू होत नाही. आणि आपल्याला निदान तेवढे तरी करायचे आहे.

तू मला देश दाखवायला निघाला आहेस आणि घर लपवायला. मला ते दिसते. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, आंधळी नाही.

मी जमिनीवरून येणार आहे. धक्क्यावर उभे राहण्याचे कष्ट घेऊ नकोस. तुझ्या दाराला घंटा असेलच.

आता आशीर्वाद घे.

अक्का

३ मार्च

भोवऱ्या,

तुझे उत्तर पोहोचले. "हट्ट करू नकोस" हे वाक्य तू तीनदा लिहिले आहेस. तीनदा लिहिल्याने एखादा मंत्र सिद्ध होत असेल. आज्ञा होत नाही. शिवाय ती धाकट्याने थोरलीला करायची नसते.

तिकीट रद्द करायला आणि जमिनीवरच्या मुक्कामाची सोय पाहायला मी पर्यटन कार्यालयात गेले होते. काचेच्या टेबलामागे एक तरतरीत मुलगी बसली होती. तिने आरक्षण पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"आजी, हे कुणी सोडतं का? सज्जावाली खोली आहे! सकाळी उठलात की खिडकीत नवीन गाव."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी जहाज सुटतं."

"एखादं गाव आवडलं तर?"

"फोटो काढायचे."

"आणि गावातलं माणूस आवडलं तर?"

तिची बोटे कळफलकावर थांबली. "तुमचं कोण आहे तिथे?"

"भाऊ."

"सख्खा?"

"सख्खा."

"मग तुम्ही हॉटेल कशाला शोधताय?"

"तो घरी बोलवत नाही."

"का?"

"तेच विचारायला चालले आहे."

मग तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि दुपारभर माझ्यासाठी खपली. सुट्ट्यांची गर्दी सुरू होण्यापूर्वीचा मे महिना, सगळ्या बसना चालणारा एकच पास, आणि मुक्कामाला सामायिक स्वयंपाकघर असलेली साधी प्रवासी निवासे. स्वयंपाकघराची अट माझी. तुला ठाऊक आहे, निवृत्त झाल्यापासून मी नियम घेतला आहे: स्वतःच्या हातचे किंवा आपल्या घरच्या चुलीवरचे, याखेरीज काही मुखात घालायचे नाही. जिभेला चार भिंती असाव्यात, एवढाच त्यामागचा हेतू. जहाजावर प्रवाशाला चूल पेटवू देत नाहीत. म्हणजे तुझ्या त्या चार वेळच्या पंक्तींसमोर मी केळे सोलत बसले असते.

मुलगी म्हणाली, "आजी, तुमचा नियम तर तिथे सोन्यासारखा आहे. त्या देशात बाहेर जेवणाराच फसतो. तिथले लोकसुद्धा डबा बांधून फिरतात."

तर खिशाच्या भोकाचा विषय मिटला. आता दुसरे कारण काढ.

अक्का

२२ मार्च

भोवऱ्या,

तू दुसरे कारण मला कळवले नाहीस. वरच्या मजल्यावर कळवलेस.

वकीलबाई काल जिना उतरून आली. एके काळी शाळेत तू तिच्या वेण्या बाकाला बांधायचास. आता ती निवृत्त झाली आहे आणि वेणीही राहिलेली नाही, तरी तुझी बाजू घ्यायची खोड गेलेली नाही.

"अक्का, तुमच्या भावाने मला वकीलपत्र दिलंय. तुम्हाला अडवायचं."

"अडव."

"पहिला मुद्दा. तुम्ही जहाज नाकारता म्हणजे समुद्र ओलांडायचा जुना निषेध आठवला असणार."

"विमानाखाली काय वाळवंट असतं? पुढे बोल."

"पुढचं तुम्हाला आवडणार नाही."

"तुझं मागचं तरी कुठे आवडलं?"

मग ती खुर्चीत बसली आणि हसायची थांबली. तू तिला फोनवर जे म्हणालास, ते तिने तुझ्याच शब्दांत सांगितले. "अक्का माझ्या घरी येईल आणि माझ्या चुलीशेजारी स्वतःचं वेगळं पातेलं मांडून बसेल. वडिलांनी ताट सारलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. तेच पुन्हा बघायला तिला घरी बोलवू? धक्क्यावर निदान चहा तरी दुकानातला असतो."

तर हे आहे! गुडघे नव्हेत, थंडी नव्हे, महागाई नव्हे. एक पातेले.

तो दिवस मीही विसरलेले नाही. जहाजावरच्या भटारखान्यातली पहिली नोकरी करून तू घरी आला होतास, आणि सकाळपासून कोणालाही स्वयंपाकघरात पाऊल टाकू न देता एकट्याने सगळे रांधले होतेस. वडिलांसमोर पहिले ताट ठेवलेस. त्यांनी विचारले, "जहाजावर याच हातांनी काय काय शिजवतोस?" तू खरे सांगितलेस. त्यांनी ताट सारले, हात धुतले आणि उठले. तू पिशवी उचललीस आणि दार ओढून घेतलेस. पुढे चाळीस वर्षे तू जगभरच्या खलाशांना जेवू घातलेस आणि या घराला पाठ दाखवलीस. मी नियम घेतल्याचे तुझ्या कानावर गेले, तेव्हा तू मला एकाच ओळीचे पत्र लिहिलेस: "शेवटी तूही त्यांचीच."

मी त्यांची आहेच. त्यांच्याच पायाशी बसून अक्षर शिकले. पण दार ओढल्यावर आत काय झाले, ते तू पाहिले नाहीस. मी त्याच पाटावर बसले, तू रांधलेले वाढून घेतले आणि वडिलांच्या डोळ्यांदेखत जेवले. पोटभर.

हे मी तुला कधी कळवले नाही, कारण तू कधी विचारले नाहीस. तू निकाल लावून मोकळा झाला होतास, आणि न मागितलेला खुलासा देण्याची मला सवय नाही. आजही देते आहे तो तुझी समजूत काढायला नव्हे. मी तुझ्या घरी काय खाईन आणि काय नाही, हे माझ्यामागे तू परस्पर ठरवू नयेस म्हणून.

नियम मी सोडणार नाही. येणेही सोडणार नाही.

अक्का

९ एप्रिल

भोवऱ्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मौनाला मी घाबरत नाही. वर्गात चाळीस मुलींचे मौन मी रोज फोडत असे.

या आठवड्यात जे घडले ते तुला वकीलबाईकडून तिखटमीठ लावून कळेल, त्यापूर्वी माझ्याकडून अळणी ऐक.

सभागृहात माझे साप्ताहिक प्रवचन असते. विषय आला अन्नाच्या नियमांचा. मी सांगितले की, आपल्या घरचे अन्न निषिद्ध होत नाही. आणि पोटासाठी दूर गेलेल्या मुलाने जिथे चूल मांडली, तेही आपलेच घर. तो चुलीवर काय शिजवतो याचा हिशेब त्याच्याकडे. ती चूल परकी ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे नाही.

निवृत्त न्यायाधीश उठून उभे राहिले. "बाई, याच व्यासपीठावरून तुमच्या वडिलांनी बरोबर उलट सांगितलं होतं. मी समोरच बसलो होतो."

"मला आठवतं."

"मग?"

"ते चुकले."

न्यायाधीश म्हणाले, "कशाच्या आधारे म्हणता?"

"ग्रंथाच्या. त्यांनी वाचला तोच. त्या दिवशी ते रागात वाचत होते."

मागच्या रांगेतली काही मंडळी उठून गेली. कार्यवाह घाम पुसत माझ्याजवळ आले. म्हणाले, "बाई, लोक दुखावलेत. तुमच्या वडिलांची पुण्याई आहे या जागेवर. पुढच्या वेळी दोन शब्द मागे घेतलेत तर बरं होईल. नाहीतर काही दिवस दुसऱ्या कुणाला..."

मी म्हटले, "दुसऱ्या कोणाला द्या. शब्द मात्र माझे तिथेच राहतील."

वडिलांविषयी माझ्या मनातला आदर तसूभरही ढळलेला नाही. रोज सकाळी त्यांच्या तसबिरीला नमस्कार करते आणि मग त्यांच्याशी वाद घालते. ज्याच्याकडून विद्या घेतली त्याची चूक दाखवण्याइतकी विद्या आली नाही, तर ती घेऊन काय केले?

हे मी तुझ्यासाठी केले असा समज करून घेऊ नकोस. चुकीचा अर्थ माझ्या व्यासपीठावर राहिला होता. तो काढून टाकला.

विमान दहा मेचे आहे.

अक्का

१३ मे, प्रवासी निवासाच्या स्वयंपाकघरातून

भोवऱ्या,

तुझा देश खरोखर महाग आहे. एका टोमॅटोच्या किमतीकडे मी इतका वेळ पाहत उभी होते की दुकानदाराला वाटले, मला चष्मा हवा आहे. त्याने आपला काढून दिला.

पण एक गंमत तू मला कधी सांगितली नाहीस. इथे सगळेच माझ्या व्रताचे! या सामायिक स्वयंपाकघरात संध्याकाळी सहा शेगड्यांसमोर रांग लागते. सायकलवरून देश पालथा घालणारी तरुण जोडपी, गिर्यारोहक, एक निवृत्त शिक्षक, सगळे आपापले भांडे घेऊन आपापले रांधतात, आपापले घासतात आणि कोणी कोणाच्या ताटात डोकावत नाही. माझ्या आयुष्यात मला इतके सोवळे स्वयंपाकघर भेटले नव्हते. एका सायकलवालीने माझ्या तांदळाला सुटलेला वास घेऊन भुवया उंचावल्या. मी तिला वाटीभर दिले. तिने तिच्या भांड्यातले देऊ केले, तेव्हा मी हात जोडले. ती रागावली नाही. बदल्यात तिने माझे भांडे घासून दिले. पाहा, नकारसुद्धा नीट दिला तर त्यात अपमान नसतो. वडिलांना तो देता आला नाही. आणि तुला घेता आला नाही, हेही लगेच लिहून ठेवते.

गुडघ्यांचे विचारशील तर पायऱ्या उतरताना मी तुला शिव्या देते आणि चढताना देवाचे नाव घेते. बस बरी असते. आजच्या बसचा चालक बडबड्या होता. रस्ता संपला की तो सबंध बस फेरीबोटीवर चढवतो, पलीकडे उतरवतो आणि पुन्हा रस्ता धरतो. म्हणजे समुद्र मीही ओलांडते आहे, पण दुसऱ्या तीरावर माझ्यासाठी भोंगा वाजवणारे कोणी नाही. वळणावरून खाली एक प्रचंड पांढरे जहाज दिसले, एखादी सोसायटी पाण्यात सोडून द्यावी तसे. चालकाने खुणेने विचारले, त्यातून का आला नाहीत? मी बोटाने दाखवले: ते तिकडे जाते, मला इकडे जायचे आहे.

परवा दुपारी तुझ्या गावात पोहोचेन. हे पत्र माझ्या आधी पोहोचले तर तुला पळून जायला सवड मिळेल. तू पळणारा आहेस, हे मला ठाऊक आहे. मी वाट पाहणारी आहे, हे तुला ठाऊक असू दे. तुझ्या जिन्यावर बसेन. माझ्याकडे तांदूळ आहेत, पोथी आहे आणि परतीची तारीख बदलता येते, असे त्या मुलीने सांगितले आहे.

दार उघडायचे की नाही, ते तुझ्या हाती. घंटा वाजवायची, ते माझे ठरले आहे.

अक्का

१६ मे, तुझ्या बैठकीच्या खोलीतून

भोवऱ्या,

तू पलीकडच्या खोलीत दार लावून बसला आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. आपल्या दोघांना समोरासमोर बोलता येत नाही, हे कालपासून सिद्ध झाले. म्हणून जे जमते ते करते. हा कागद दाराखालून सरकवीन.

काल तू दार उघडलेस, माझी पिशवी घेतलीस आणि म्हणालास, "गुडघे?" मी म्हटले, "आहेत." तू म्हातारा झाला आहेस, हे मला कोणी सांगितले नव्हते. मी नंतर स्नानगृहात जाऊन तोंड धुतले, ते प्रवासाच्या धुळीसाठी नव्हते.

आणि मग तू ते पातेले ओट्यावर ठेवलेस. कोरे करकरीत, दुकानाची चिठ्ठी चिकटलेली.

"नवीन आहे. यात काही शिजलेलं नाही. तुझं तू कर."

"मी नाही करणार."

"मग बाहेरून..."

"बाहेरचं मी खात नाही."

"स्वतः करणार नाहीस, बाहेरचं खाणार नाहीस. जगायचं कशावर?"

"तू रांध."

तुझा चेहरा दगडासारखा झाला. "दया करायला आलीस?"

"दया मी मांजरावर करते. मला भूक लागली आहे."

"अक्का, पत्रात काहीही लिहिता येतं. म्हणे पाटावर बसले आणि जेवले! मी बाहेर पडलो त्या क्षणाला तुम्ही सगळं गटारात ओतलं असणार. मला बरं वाटावं म्हणून कशाला गोष्टी रचतेस?"

आणि दार लावून घेतलेस. कालची दुपार, रात्र आणि आजची सकाळ मी पाण्यावर काढली. हा उपवास नाही. उपवास देवासाठी करतात. ही साधी भूक आहे, आणि ती तुझ्या घरात बसली आहे. ते कोरे पातेले मी कपाटाच्या वर टाकले आहे. मला ते वापरायचे असते तर मी आज त्या पांढऱ्या जहाजाच्या सज्ज्यात बसून केळे सोलत असते.

तुला पुरावा हवा ना? वकीलबाईचा मित्र शोभतोस. ऐक तर. त्या दिवशीचे तुझे जेवण खारट झाले होते. भाजीत मीठ दोनदा पडले होते. वडिलांनी घास घेतला नाही. त्यांना आधी वाढायचे म्हणून तूही काही चाखले नव्हतेस. उरलेल्या कोणी ताटाला हात लावला नाही. त्या घरात ही गोष्ट फक्त एका माणसाला कळू शकत होती. मी मध्ये तीन वेळा पाणी प्याले, आणि वडिलांकडे पाहत शेवटचा घास गिळला.

कागद संपला. सरकवते.

अक्का

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

भोवऱ्या,

हा दुसरा कागद. पहिला तू आत ओढून घेतलास, ते मला दिसले. मग दाराआडून आवाज आला.

"खारट?"

मी हा कागद पुढ्यात ओढला.

"खोटं. माझ्या हातून मीठ कधी चुकलं नाही. चाळीस वर्षांत एका कप्तानाने तक्रार केली नाही!"

"ते चाळीस वर्षांच्या आधी होतं."

"किती खारट?"

"समुद्राला लाज वाटावी इतकं."

आत काहीतरी आपटले. तू हसत होतास की आणखी काही, ते मला कळले नाही, आणि मी विचारणार नाही. मग दार उघडून तू माझ्याकडे न पाहता तरातरा स्वयंपाकघरात गेलास. आता तू कांदा चिरतो आहेस. चाकूचा असा सलग आवाज मी कधी ऐकला नाही. एखाद्याने पाठ म्हणावा तसा आहे. तू तुझे रोजचे, बुडाला काळे पडलेले पातेले काढले आहेस. माझा नियम जागच्या जागी आहे. त्याला धक्का लागलेला नाही, कारण हे माझ्या घरचे अन्न आहे. आणि यावर न्यायाधीशांना अपील करायचे असेल तर त्यांनी इथवर यावे, जमिनीवरून.

आत्ताच तू स्वयंपाकघरातून ओरडून विचारलेस, "अक्का, मीठ किती घालू?"

लेखणी खाली ठेवण्यापूर्वी याचे उत्तर लिहूनच देते. विचारू नकोस. जहाजावरच्या प्रवाशांना विचारतात. मी तुझी बहीण आहे. जसे होईल तसे खाईन, आणि बिघडले तर पानावर बसून बोलून दाखवीन.